झोडणीनंतरचा रविवार

“सहाचा खेळ आहे, अण्णा. साडेतीनला निघालो तरी आरामात पोचू.”

“सहाला धार असती.” एवढंच म्हणून अण्णा पुन्हा विळ्याकडे वळले.

दिवस होता ८ नोव्हेंबर २०१८चा, दिवाळीचा पाडवा. अण्णा म्हणजे माझे चुलते. पौडपासून थोडं आत, मुळशी तालुक्यातल्या आमच्या गावी ते आणि काकी भातशेती करतात, दोन म्हशी सांभाळतात. मी हिंजवडीत नोकरी करते, कोथरूडला राहते आणि दिवाळीचे चार दिवस न चुकता गावी असते. त्या दिवशी ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ प्रदर्शित झाला होता. घरातल्या सगळ्यांना घेऊन तो पहिल्याच दिवशी पाहायचा, असं मी पुण्याहून निघतानाच ठरवलं होतं.

“धार एक दिवस शेजारी काढतील की. सणाचा दिवस, सगळ्यांना सुट्टी...”

“कुनाला सुट्टी?” त्यांनी हातातल्या विळ्यानंच समोर दाखवलं.

ओट्यासमोरची खाचरं पिवळीधमक झाली होती. अर्धी कापून पसरलेली, अर्धी उभी. लहानपणापासून हे दृश्य पाहत आले, तरी दिवाळी आणि भातकापणी आमच्याकडे एकाच वेळी येतात याचा अर्थ काय, याचा मी कधी विचार केला नव्हता. इंद्रायणी बी टाकल्यापासून तयार व्हायला साधारण १४० दिवस घेतं. जूनमध्ये रोप टाकायचं, जुलैत चिखलात उतरून लावणी करायची, आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी. कापलेलं भात दोन-तीन दिवस उन्हात वाळू द्यायचं, पेंढ्या बांधायच्या, भारे खळ्यावर आणायचे, मग झोडणी. हे काम एकट्या घराचं नसतं. आज आमच्याकडे, उद्या शेजारी, परवा भावकीत, अशी सावड चालते. सावडीतला एक माणूस एक दिवस उठून गेला तर तो दिवस पैसे देऊन भरून निघत नाही. ‘हंगाम’ हा शब्द थिएटरवालेही वापरतात आणि शेतकरीही. एकाच्या हंगामात माणसं मोकळी असतात, दुसऱ्याच्या हंगामात त्यांना मान वर करायला फुरसत नसते, आणि दोन्ही हंगाम एकाच आठवड्यात येतात.

“भात घरात येऊ दे,” अण्णा म्हणाले. “झोडनी झाली की निवांत जाऊ. गर्दी बी सरंल, तिकीट बी सवंग व्हईल. शिनेमा काय पळून जातोय?”

“पळूनच जातो, अण्णा.”

तिथून खरं तोंड फुटलं.

मी त्यांना समजावत होते ते असं. त्याच पाडव्याला ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ही लागला होता. अमिताभ बच्चन आणि आमिर खान पहिल्यांदाच एकत्र, देशभर हजारो पडदे. मराठी चित्रपटाला संध्याकाळचे पुरेसे खेळ मिळत नाहीत म्हणून त्या दिवसांत आवाजही उठला होता. अशा वेळी मराठी चित्रपटाच्या हातात तीन-चार दिवसच असतात. रविवारपर्यंत किती खुर्च्या भरल्या ते पाहून सोमवारचे खेळ ठरतात, आणि पुढच्या शुक्रवारी नवं काही येणार असेल तर जुन्यातलं काय उतरवायचं तेही त्यावरच ठरतं. जो प्रेक्षक गर्दी ओसरल्यावर जाऊ म्हणतो, त्याला कुणी मोजतच नाही. तो येईपर्यंत पडदा दुसऱ्याला दिलेला असतो.

पैशाचंही तेच. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात दोन महिने भांडण चाललं, नवे मोठे चित्रपट अडकून पडले. मग तडजोड झाली ती अशी की पहिल्या आठवड्यात उत्पन्नातला ५० टक्के वाटा निर्माता-वितरकांचा, दुसऱ्या आठवड्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. ही उतरती भाजणी अण्णांना सांगितली आणि म्हटलं, “म्हणजे चित्रपट ज्यानं काढला त्याच्या पदरात पाडव्याच्या तिकिटातून जास्त पडतं. तुम्ही तीन आठवड्यांनी गेलात तर तेच पैसे देऊनही त्याला कमी मिळतं.”

अण्णांनी विळा खाली ठेवला. मला वाटलं, पटलं.

“आमचं उलटं हाय,” ते म्हणाले. “खळ्यावरनंच भात इकलं तर भाव पडल्याला असतो. ज्याला नड हाय तो खळ्यावर इकतो. ज्याला दम हाय तो कनगीत ठिवतो, आन् जुनं झालं की तेच तांदूळ जास्त गोड लागत्यात. चांगली वस्तू ठिवल्यानं मुरती. तुमचा शिनेमा तीन दिसांत शिळा व्हत आसंल तर त्यात काय तरी कमी हाय.”

“चित्रपट शिळा होत नाही. त्याला ठेवायला कणगीच उरली नाही.”

“मंग ती कनगी कुनी फोडली त्याला इचार. मला कशाला पळवतीस?”

हे त्यांचं बोलणं मला तेव्हा हटवादी वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. त्यांनी चित्रपट पाहिले ते मुरलेले. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६चा. मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून जास्त काळ चालला, व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. तो अण्णांच्या जन्माआधीचा चित्रपट. त्यांनी तो पाहिला दहा-बारा वर्षांचे असताना, चैत्रातल्या जत्रेत, तंबूत. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, खाली पोती अंथरलेली, बाहेर सोडलेल्या बैलगाड्या. तुकोबा गरुडावर बसून निघाले तेव्हा पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी जमिनीला डोकं टेकलं, हे सांगताना त्यांचा आवाज अजून बदलतो. दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ १९७१चा. “आमी लावनी उरकून श्रावनात पुन्याला गेलो, तरी चालूच व्हता. तो आमच्यासाठी थांबला व्हता,” असं अण्णा म्हणतात. २५ आठवडे चालला की रौप्यमहोत्सव साजरा व्हायचा त्या काळात खेड्यातल्या माणसाला धावावं लागत नसे. काम संपवून, सवडीनं, एसटीनं जावं, तरी चित्रपट जागेवर असे. १४० दिवसांच्या पिकाला २५ आठवड्यांचा चित्रपट परवडतो. तीन दिवसांचा कसा परवडणार?

तंबूबद्दल अण्णांची आणखी एक गोष्ट आहे, ती इथे सांगायलाच हवी. तंबूबाहेर डिझेलचं इंजिन धडधडायचं, त्याच्यावर यंत्र चालायचं. “आमच्या खोऱ्यात टाटांचं धरन झालं, गावंच्या गावं पान्यात गेली, सेनापती बापटांनी त्यापायी तुरुंग भोगला. त्या पान्यावर भिऱ्याला वीज झाली ती मुंबईला गेली. तितं दिवं लागलं, शिनेमं चाललं. आन् आमी इंजनावर तुकोबा बघितला.” मुळशीचा सत्याग्रह १९२१ ते १९२४चा, भिऱ्याचं वीजघर १९२७चं. माझ्या आजोबांच्या पिढीनं हे पाहिलं होतं, अण्णा ते ऐकून मोठे झाले. त्यामुळे शहरानं ठरवलेली वेळ आपण पाळायची, असं कुणी म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी येते. त्या आठीमागे आळस नाही, आठवण आहे.

त्या पाडव्याला मी शेवटचं शस्त्र काढलं. “सरकारनंसुद्धा सांगितलंय, मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवायचे.” २०१५च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी जाहीर केलं होतं, की मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात मराठी चित्रपट लावावाच लागेल. थिएटरवाल्यांची कुरकुर झाली, आणि ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली.

“सहाला धार,” अण्णा बोटं मोडत म्हणाले. “सातला डेअरीत दूध. नवाला मानूस आडवा व्हतो, कारन पाचाला उठायचं हाय. दुपारी बाराला भाकरी बांधावर. मराठीची मोक्याची येळ ठरवताना शेतकऱ्याची येळ कुनी इचारली का?”

मी गप्प बसले. आजही या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मराठी चित्रपटाचा प्रेक्षक म्हणून आपण ज्याची कल्पना करतो तो कोथरूडचा असतो, ठाण्याचा, डोंबिवलीचा असतो. पडद्यावर शेतकरी वारंवार येतो, खुर्चीवर तो कधी बसेल याचा हिशेब कुणी करत नाही.

मी चुलतभावाला घेऊन गेलेच. चांदणी चौकात तेव्हा नवा उड्डाणपूल नव्हता. जुना पूल २०२२च्या ऑक्टोबरात पाडला, नवा २०२३च्या ऑगस्टमध्ये खुला झाला. २०१८च्या पाडव्याला त्या चौकात गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या आणि आमची सुरुवातीची दहा मिनिटं तिथेच गेली. पण आत गेलो आणि मी सगळं विसरले. घाणेकरांचं नाव जाहिरातीत सगळ्यांत शेवटी, ‘आणि’ लावून यायचं. ज्यांनी त्यांचा संभाजी आणि लाल्या रंगमंचावर पाहिला होता असे साठी-सत्तरीचे प्रेक्षक भोवती बसले होते. सुबोध भावे प्रवेश करतो तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या त्या पडद्यावरच्या नटाला नव्हत्या. पन्नास वर्षांपूर्वीच्या आपल्याच एखाद्या संध्याकाळला होत्या. रिकाम्या थिएटरात हे मला कसं मिळालं असतं?

घरी येऊन मी हेच सांगितलं. दोन दिवसांनी वर हेही सांगितलं, की ‘ठग्ज’नं पहिल्या दिवशी ५० कोटींच्या वर गल्ला केला खरा, पण दुसऱ्या दिवसापासून तो कोसळायला लागला. “गर्दीला कळतं, अण्णा.”

“मंग पहिल्या दिशी का न्हाय कळलं?”

तीन वर्षांपूर्वीचा दाखला मी दिला. २०१५च्या पाडव्याला, १२ नोव्हेंबरला, समोर सलमान खानचा ‘प्रेम रतन धन पायो’ होता. त्याच दिवशी ‘कट्यार काळजात घुसली’ आणि ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ हे दोन मराठी चित्रपट लागले आणि दोन्ही टिकले. नाट्यसंगीतावरचा चित्रपट तरुण पोरांनी डोक्यावर घेतला. का टिकले? कारण लोक फराळाचं ताट बाजूला ठेवून पहिल्या चार दिवसांत गेले. “त्यांनी झोडणीची वाट पाहिली असती तर?”

“त्यांना झोडनी न्हवतीच,” अण्णा शांतपणे म्हणाले. “तू त्यांचं माज्यावर लादतीस.”

इथपर्यंत हा काका-पुतणीचा वाद होता. पंधरवड्यानं त्यात आमचा तालुकाच आला.

२३ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनानंतर सोळा दिवसांनी, ‘मुळशी पॅटर्न’ लागला. दिवाळीची गर्दी ओसरलेली. आमची झोडणी आटोपली होती, पेंढा रचून झाला होता. अण्णांचाच फोन आला. “तालुक्याचं नाव लावलंय. बघाया पायजे.” दिग्दर्शक प्रवीण तरडे मुळशीचेच, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारी आम्ही सहाजण निघालो. पिरंगुट, भुकूम, भूगाव असा रस्ता. अण्णा पुढच्या सीटवर बसून डाव्या-उजव्या हाताला काय होतं ते सांगत होते. ही मंगल कार्यालयाची जागा म्हणजे अमक्याची सात खाचरं, हा टॉवर म्हणजे तमक्याची आंबेमोहराची पट्टी. कोण किती एकर विकून किती वर्षांत रिकामा झाला, हे त्यांना तोंडपाठ होतं. थिएटर येईपर्यंत निम्मा चित्रपट गाडीतच झाला होता.

थिएटर खच्चून भरलं होतं. ओम भूतकरचा राहुल गुंड होत जातो तशी पोरं शिट्ट्या मारायला लागली. मोहन जोशींचा बाप, ज्यानं जमीन विकली आणि ज्याच्यावर आता मार्केट यार्डात हमाली करायची वेळ आली, तो पाठीवर पोतं घेतो तेव्हाही मागून कुणी तरी ओरडत होतं. मी अण्णांकडे पाहिलं. ते खुर्चीत पुढे सरकून, दोन्ही हातांनी समोरची पाठ धरून बसले होते.

परतीच्या वाटेवर भूगावपर्यंत कुणी बोललं नाही.

“म्हून म्हनतो गर्दीत जाऊ ने,” अखेर ते म्हणाले. “बाप मरनाचं वझं उचलतोय आन् पोरं शिट्ट्या मारत्यात. मला वाटलं उठून जावं. एकटा आसतो तर मला रडाया तरी आलं आसतं.”

“पण शेवटी, अण्णा? शेवटाला सगळं थिएटर चिडीचूप झालं ते पाहिलंत ना? तीच पोरं. दोनअडीचशे माणसं एकदम गप्प होतात तेव्हा जे होतं ते एकट्यानं बसून होत नाही. घरी टीव्हीवर तुम्ही गप्प बसलात तर ते तुमच्यापुरतंच. त्या पोरांपैकी दहांच्या घरची जमीन विकलेली असेल. त्यांना ते तुमच्यादेखत कळलं.”

“कळलं का, का शिनेमा संपला म्हून गप झाली?”

मी कळलं असंच म्हणते. अण्णा नाही म्हणतात. सात वर्षं झाली, आम्ही एकमेकांना अजून हे पटवू शकलेलो नाही. मला वाटतं गर्दीबद्दलचा आमचा मतभेद मुळात इथला आहे. अण्णांच्या मते गर्दीनं आपलं दुःख वाटून घ्यायला ती आपली गर्दी असावी लागते. तंबूत शेजारी बसलेला माणूस कोण, त्याच्या घरात काय चाललंय, हे माहीत असायचं. कुणाचा कुठं डोळ्याला पदर लागला ते दुसऱ्या दिवशी विहिरीवर बोललं जायचं. मल्टिप्लेक्समधली गर्दी अनोळखी असते, आणि अनोळखी माणसांत रडायची त्यांना लाज वाटते. माझं बरोबर उलट आहे. मी राहते त्या इमारतीत मला चार घरं ओळखतात. अनोळखी लोकांबरोबर एकाच वेळी श्वास रोखून धरायची शहरातली एकच जागा मला माहीत आहे, ती म्हणजे भरलेलं थिएटर. ती जागा गेली तर आम्ही आपापल्या मोबाइलवर, आपापल्या वेळी, एकेकटेच हसू आणि एकेकटेच रडू. म्हणून सणाच्या दिवशी, गर्दीत, रांगेत, पहिल्या आठवड्यातच जायचं, हा माझा हट्ट आहे आणि तो मी सोडणार नाही.

या वादात काकी कधी पडली नव्हती. दिवाळीला ती चुलीपुढे असते. चकल्या, करंज्या, पाहुण्यांच्या पंगती, आणि मधल्या वेळात विळा घेऊन खाचरात. २०२३च्या जुलैत तिनं आम्हा दोघांनाही निरुत्तर केलं.

‘बाईपण भारी देवा’ ३० जूनला लागला. आमच्याकडे ते दिवस लावणीचे. रोपं उपटणं, मुठी बांधणं, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून उभं राहणं, आणि यातलं बहुतेक काम बायकांचं. सुट्टी नाही, सण नाही, वर संततधार. चित्रपट मात्र उतरला नाही. शहरातल्या बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून, जथ्यांनी जात राहिल्या. त्यांच्यामुळे तो आठवड्यांमागून आठवडे टिकला आणि आमच्या गावची लावणी उरकली तेव्हाही चालूच होता. बचत गटातल्या अकरा बायकांनी गाडी ठरवली. काकी आयुष्यात पहिल्यांदा अण्णांना न विचारता, फक्त सांगून गेली.

“काय व्हतं त्यात?” मी विचारलं.

“सहा भनी व्हत्या,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “आमी अकराजनी व्हतो.”

मी लगेच म्हटलं, पाहा अण्णा, गर्दीनंच तो चित्रपट तिच्यासाठी धरून ठेवला. अण्णा म्हणाले, आन् बघ, ती काम उरकूनच गेली. काकीनं दोघांकडे पाहिलं. “तुमी दोगं सुट्टीवरनं भांडताय,” ती म्हणाली. “बाईला सुट्टी कवा असती? दिवाळीत न्हाय, लावनीत न्हाय. आमी ठरिवलं तीच सुट्टी.”

मागच्या वर्षी तिचं म्हणणं आणखी एकदा खरं झालं. ‘दशावतार’ १२ सप्टेंबर २०२५ला लागला तो ऐन पितृपक्षात. नवं काही सुरू करायचं नाही असे ते दिवस. तरी दिलीप प्रभावळकरांना पाहायला लोक लोटले. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ला आला तेव्हा शेतं मोकळी होती, जत्रा चालू होत्या, पोरांच्या परीक्षा संपल्या होत्या. काही गावांत मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. महाराष्ट्रातलं खेडं मोकळं असतं ते वैशाखात, दिवाळीत नव्हे. हे अण्णांना ठाऊक आहे, काकीला ठाऊक आहे. चित्रपट लावणाऱ्यांनी खेड्यातल्या माणसाला विचारलं असतं तर त्यांनाही कळलं असतं. माझ्या बाजूनं वाद घालता घालता मला सापडलेली ही गोष्ट आहे, आणि ती अण्णांच्या बाजूची आहे हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही.

गेल्या दिवाळीत पुन्हा मी सहा तिकिटांचा विषय काढला. या वेळी वातावरण जरा निवळलेलं होतं. तिकिटावरचा कर सप्टेंबरात उतरला होता, शंभरापर्यंतच्या तिकिटाला १२ टक्क्यांऐवजी ५. अण्णांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन् लाह्या?” लाह्यांचं तसंच आहे, मी सांगितलं. काकीनं चकल्यांचा डबा भरायला घेतला होता. बाहेरचं खाणं आत नेऊ द्यायचं की नाही हे थिएटरच्या मालकानं ठरवावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३च्या जानेवारीत सांगितलंय. प्यायचं पाणी मात्र फुकट द्यावं लागतं. काकीनं डबा मिटला नाही. “गाडीत खाऊ,” म्हणाली.

अण्णांनी या वेळी नाही म्हटलं नाही. दिवस मात्र त्यांचाच. “तीन आठवड्यांनी. झोडनी झाली की पहिला ऐतवार.”

“कोणता चित्रपट असेल तेव्हा काय माहीत?”

“जो आसंल तो. मराठी बघ.”

मी मोबाइल काढला. पडद्यावर खुर्च्यांचा नकाशा आला, हिरवे आणि करडे चौकोन, ओळीनं. अण्णांनी चष्मा लावून मोबाइल हातात घेतला आणि बराच वेळ पाहत राहिले.

“खाचरावानी दिसतंय. ही करडी कापलेली व्हय?”

“विकली गेलेली.”

“आन् ही पुढची सगळी हिरवीच?”

“पुढं कुणी बसत नाही, मान दुखते.”

“तंबूत आमी पुढंच बसायचो,” ते म्हणाले. “ह्याच घे. सा.”

मी तारीख शोधायला लागले. बोटानं पुढे सरकवत गेले. बुधवार, गुरुवार, आणि तिथे यादी संपली. शुक्रवारपासून पुढे कुठल्या पडद्यावर काय राहणार, हे अजून ठरलंच नव्हतं.

“काय झालं?”

“तुमचा रविवार अजून उघडलेला नाही, अण्णा. गुरुवारपर्यंतच दिसतंय.”

अण्णांनी मोबाइल मला परत दिला, चष्मा खिशात ठेवला आणि समोरच्या खाचराकडे पाहिलं. “ह्या तुकड्याची झोडनी पुढच्या मंगळवारी,” ते बोटानं दाखवत म्हणाले. “त्या पलीकडच्याची शुक्रवारी. शेवटचा भारा त्याच्या पुढच्या गुरुवारी खळ्यावरनं घरात.” मग पायांत वहाणा सरकवून उठले. सहा वाजायला आले होते आणि गोठ्यात म्हशी हंबरायला लागल्या होत्या.